लव्हाळ्याचा कोपरा

बोटवाल्याने याही वर्षी कपाळाला आठ्या घातल्या. "आलात परत गुंडाळी घेऊन?" मी म्हटलं, "आले. तिकीट लावायचं तर लाव हिला वेगळं, पण येणार ती याच बोटीने." तो पुटपुटत बाजूला सरकला आणि मी ती चारशे मीटरची गुंडाळी बोटीच्या फळीवर आडवी टाकून तिच्यावरच बसले. पलीकडे गोराईचा किनारा, मागे बोरिवलीचे टॉवर, मध्ये भरतीचं गढूळ पाणी. सहा वर्षं झाली, नोव्हेंबर संपत आला की माझी ही वरात निघते.

बोरिवलीच्या एका शाळेत मी ऑफिसात काम करते. दाखले, फिया, पालकांची भांडणं. सहामाहीचे निकाल लावून होतात, आमच्या बिल्डिंगीत कोणीतरी सगळ्यांच्या आधी नाताळचा कंदील टांगतं, आणि मला कापलेल्या भाताच्या बुडख्यांचा वास यायला लागतो. खाडीपलीकडे माझं माहेर. ऑक्टोबरात आगेरा होतो, म्हणजे नव्या भाताची कणसं चर्चमध्ये नेऊन फादरांकडून त्यांना आशीर्वाद घ्यायचा, आणि त्यानंतर शेत मोकळं होतं ते कलिंगडासाठी. तो सुकलेल्या बुडख्यांचा, जरासा कुजका, जरासा गोड वास मी लहानपणापासून ओळखते. आता त्यात या गुंडाळीचा, नव्या मल्चिंग पेपरचा वास मिसळलाय. पेपर नुसतं म्हणायचं, आहे ते प्लास्टिकच. वरून चंदेरी, खालून काळं. वाफ्यावर ताणून पसरायचं, कडा मातीत दाबायच्या, हातभर अंतरावर भोकं पाडायची आणि भोकात बी लावायचं. वेलाला भोकातून ऊन मिळतं. तणाला काही मिळत नाही, ते अंधारात मरतं.

प्लास्टिक म्हटल्यावर तुमची भिवई वर गेली असणार, मला माहितेय. जाऊ दे वर. मी या लेखात माफी मागायला बसलेली नाही.

कारण खुरपणीचं कौतुक मी फार वाचलंय. ओळीने बसलेल्या बाया, हिरवं रान, ओठांवर गाणी. ज्यांनी हे लिहिलं ते बांधावर उभे असणार, उभ्याने फार सुंदर दिसतं ते. मी शाळेतून घरी यायचे तेव्हा शेतात सात-आठ बाया उकिडव्या बसलेल्या असायच्या, सगळ्यांच्या डोक्याला फडकी, सगळ्यांची तोंडं जमिनीकडे. त्यातली माझी आई कुठली हे मी पाठीवरून ओळखायचे. सगळ्यात पुढे गेलेली पाठ तिची. आमच्या शेजारची कार्मेलमावशी तिच्या जोडीला. आज हिच्या शेतात, उद्या तिच्या, अशी बायांची सावड असायची. गप्पा व्हायच्या, खोटं कशाला बोलू? कोणाची सून कशी, कोणाचा नवरा किती प्यायला, कोणाच्या पोरीला वाकोल्याचं स्थळ आलं, सगळं त्या वाफ्यांत कळायचं. घोळीची भाजी वेगळी काढून ओटीत टाकायच्या, संध्याकाळी ती जवळा घालून शिजायची. मला ती भाजी अजून आवडते. पण रात्री जेवून झाल्यावर आई भिंतीला टेकून दोन्ही पाय लांब करायची आणि गुडघ्यांना खोबरेल चोळायची, ते मला त्या भाजीपेक्षा जास्त आठवतं.

आणि तण तरी किती प्रकारचं. हरळी, माठ, दुधी, घोळ. ही सगळी समजूतदार, एकदा उपटली की पंधरा दिवस गप्प बसणारी. लव्हाळा तसला नव्हे. वरून गवताची चार पाती, खाली जमिनीत काळ्या गाठींची माळ. पात उपटली की गाठ खाली हसत बसते. आई म्हणायची, लव्हाळा काढला असं कोणी सांगितलं तर समजायचं बाई खोटारडी आहे. पन्नास वर्षं ती त्याच्याशी भांडली. तो होता तिथेच आहे, आईचे गुडघे मात्र गेले.

ते गुडघे गेले त्या वर्षाची ही गोष्ट. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की यापुढे उकिडवं बसायचं नाही, बसलात तर उठायला माणूस लागेल. आई डॉक्टरांना म्हणाली, "मग शेत कोण करील, तुम्ही?" डॉक्टर हसले. ती हसली नाही. त्याच्या आदल्या वर्षीच तिला जमेनासं झालं होतं, हे आम्हाला तोवर कळलंच नव्हतं. खुरपायला बाया मिळत नव्हत्या. ज्या मिळायच्या त्या बोरिवलीत घरकामाला जायला लागल्या होत्या, आणि बरोबर केलं त्यांनी, तिथे डोक्यावर पंखा तरी असतो. त्या वर्षी कलिंगडाचे वेल तणात गुदमरले. फळं आली ती नारळाएवढी, आतून पांढरट.

माझा धाकटा भाऊ डॉमनिक तेव्हाच बोलायला लागला. आम्ही त्याला डॉमू म्हणतो. तो वाईट नाही, हे आधीच सांगते. पवईला नोकरीला जातो, गावातून रोज दोन तास जायला, दोन तास यायला. आमच्या शेताला आणि कार्मेलमावशीच्या शेताला लागून रस्ता झाला होता आणि लग्नाच्या लॉनवाला एक माणूस दोन्ही शेतं भाड्याने मागत होता. डॉमू म्हणाला, "आई, नुसतं तण वाढवण्यापेक्षा लॉन काय वाईट? सही कर, सुटशील." सातबारा आईच्या नावावर. सही तिचीच लागणार होती.

मी तिथेच होते. आई म्हणाली, "झावळ्यांच्या रविवारपर्यंत थांब. तोवर शेतात खाण्यासारखं फळ आलं तर शेत राहील. नाही आलं तर मी सही करते." इस्टरच्या आधीचा तो रविवार, त्या दिवशी आमच्याकडे सगळे चर्चमधून माडाच्या झावळ्या घेऊन येतात. डॉमूने विचारलं, "आणि खुरपणार कोण?" आईने माझ्याकडे पाहिलं. मी, जिने दहावीनंतर खुरप्याला हात लावला नव्हता, बोलून गेले, "कोणीच नाही खुरपणार. मी पेपर घालते."

आईला ते अजिबात आवडलं नाही. "मातीला रेनकोट?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मी मोबाइलवर पेपरचे व्हिडिओ पाहिले. शाळेत मधल्या सुटीत, बसमध्ये, भाकऱ्या भाजताना. सांगली-सोलापूरकडचे शेतकरी मोठ्या अभिमानाने दाखवायचे, मल्चिंग असं करा, तसं करा. मला वाटलं आपल्याला सगळं समजलं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी, डॉमू आणि कार्मेलमावशी, आम्ही तिघांनी पेपर पसरला. खाडीवरचा वारा सुटला की अख्खी पट्टी वर उठायची आणि मावशी तिच्यावर दोन्ही पायांनी उभी राहायची. "लग्नात साडी सांभाळली नव्हती एवढी," म्हणाली. चार वाजेपर्यंत शेत चंदेरी झालं. आईने रुमालात गुंडाळून, भाताच्या कोंड्याच्या उबेत ठेवून मोड आणलेलं बी दिलं, तेवढं मात्र तिने केलं. मी भोकाभोकात ते लावलं आणि फार खुशीत बोट पकडली.

आता आमची चूक ऐका. अशी चूक करायला आमच्याच गावात जन्मावं लागतं.

आमच्याकडे शेताच्या कडेला बावखल असतं, खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं. त्यात दोन हातांत दोन झाऱ्या बुडवायच्या, भरून वर यायचं आणि वाफ्यांमधून धावत दोन्ही बाजूंना पाऊस पाडत जायचं. आमच्या बापजाद्यांनी असंच पाणी घातलं. वाफा वरून काळा, ओला दिसला पाहिजे, मग शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडतो. व्हिडिओतले सगळे पेपरखाली ठिबकच्या नळ्या टाकत होते. मी ते बघितलं होतं आणि मनात म्हटलं होतं, त्यांच्याकडे झाऱ्या नसतील, आपल्याकडे आहेत की.

मग आठवडाभर माझी आई, जिला चालायची बंदी नव्हती, फक्त बसायची होती, रोज पहाटे अर्ध्या-अर्ध्या झाऱ्या घेऊन प्लास्टिकवर पाऊस पाडत राहिली. कार्मेलमावशीही मदतीला. पेपर धुऊन लखलखीत व्हायचा, दोघींना बरं वाटायचं. पाणी प्लास्टिकवरून घसरून दोन वाफ्यांमधल्या सऱ्यांत जायचं. पुढच्या रविवारी मी आले तर सऱ्यांत तण तरारलेलं आणि वाफ्यांत कोंब करपलेले. भोकात बोट घातलं, आत माती कोरडी ठणठणीत आणि गरम. मी पेपर घालायच्या आधी वाफे भिजवलेही नव्हते. पेपरने आमचा कोरडेपणा अगदी इमानदारीने झाकून ठेवला होता.

वर आणखी म्हणजे खालच्या कोपऱ्यात पेपरमधून हिरवी टोकं बाहेर आली होती. भोकांतून नाही, पेपरमधूनच, पेपर टोचून. लव्हाळा. मी वाकून बघत राहिले. आई बांधावर उभी होती आणि तिच्या तोंडावर जे होतं त्याला आनंदच म्हणतात. पन्नास वर्षांचा दुश्मन तिच्या बाजूने लढत होता.

"सांगत नव्हते?" ती म्हणाली.

डॉमू म्हणाला, "झकास. पाणी तणाला, प्लास्टिक वेलाला. वाट लागली ना ताई." मी त्याला जे उत्तर दिलं ते चर्चमधून परत आल्या आल्या देऊ नये.

त्या दिवशी बोटीत मी रडले. लोक बघत होते, बघू दे. मला शेताची फार माया होती असं नाही, खरं सांगते. शेतापासून पळूनच मी शाळेतली खुर्ची पकडली होती. पण शेत गेलं असतं तर आईला रोज सकाळी उठून कुठे जायचं हे राहिलं नसतं, आणि ते माझ्या दीडशहाणपणाने गेलं असतं. बोट धक्क्याला लागेपर्यंत रडून झालं होतं. मग मी सरळ दुकानात गेले आणि ठिबकच्या नळ्या घेतल्या.

नाताळच्या आदल्या शनिवारी आम्ही सगळा पेपर उचलला, वाफे दोन दिवस भिजवले, नळ्या अंथरल्या, पेपर परत घातला आणि भोकांत नवं बी लावलं. पंप डॉमूने आणला, बाइकवर मागे बांधून, त्याच बोटीतून. वर मला ऐकवलं, "पंप आणलाय फक्त. मी अजून लॉनवालाच आहे." आईही आली. हातात काठी, तोंड वाकडं. खालच्या कोपऱ्यापाशी पोचल्यावर तिने काठी आडवी धरली.

"इथे घालू नको."

"का?"

"इथला लव्हाळा माझ्या सासऱ्याच्या वेळचा आहे. पेपरची चाळण करील. एवढा तुकडा मोकळा सोड. याला हातानेच बघावं लागतं."

"आणि बघणार कोण? तुला बसायचं नाही."

ती काठी टेकत घरी गेली आणि प्लास्टिकचं स्टूल घेऊन आली. न्हाणीघरातलं, बुटकं, लाल. त्याच्यावर बसली, लांब दांड्याचं खुरपं मागितलं आणि गाठी उकरायला लागली. दहा मिनिटांनी कार्मेलमावशी तिच्या घरचं निळं स्टूल घेऊन आली. सगळं शेत चंदेरी आणि खालच्या कोपऱ्यात दोन म्हाताऱ्या स्टुलांवर, मध्ये गाठींची टोपली. एक तासही झाला नसेल, तोच कोणाची सून आणि कोणाचा नवरा सुरू झालं. मी पेपरच्या कडेवर माती लोटत होते आणि कान तिकडे होते. लोक म्हणतात यंत्रं आली, प्लास्टिक आलं आणि बायांच्या गप्पा गेल्या. गप्पांना अख्खं शेत लागत नाही. बसायला कोपरा आणि धड स्टूल असलं की पुरतं.

फेब्रुवारीत वेलांनी पेपर झाकत आणला होता. समुद्र बघायला आलेल्यांची एक टोळी शेतात शिरली, हॅट घातलेली एक बाई पुढे. बांधावर उभी राहून तिने सगळं नजरेखाली घातलं आणि फार कळवळून म्हणाली, "अहो, मातीला श्वास घ्यायला नको का?"

मी म्हटलं, "ताई, तुम्ही कुठे राहता?"

"मुलुंडला."

"बिल्डिंगीत?"

"हो."

"मग तुमच्या बिल्डिंगीखालची माती कशी आहे? बरी आहे ना?"

कार्मेलमावशी कोपऱ्यातून उठून आली आणि तिने त्या बाईच्या हातात आखूड खुरपं दिलं, आमचं जुनं, उकिडवं बसून वापरायचं. "बसा," म्हणाली. बाई बसली, त्याबद्दल तिला मानलं पाहिजे. पाच-सात मिनिटं बसली, दोन गाठी काढल्या, एक चांगला वेल उपटला आणि कंबर धरून उभी राहिली. आम्ही कोणी हसलो नाही. मावशीने तिला पाणी दिलं. पाणी पिऊन तिने शांतपणे विचारलं, "फळं झाल्यावर हे प्लास्टिक कुठे जातं?"

मी म्हटलं, बघू. ती गेली. तो प्रश्न मात्र बांधावर तसाच उभा राहिला, आणि मला त्याचा रागही येईना, कारण तो बरोबर होता.

मार्चअखेर झावळ्यांच्या रविवारचा आदला दिवस उजाडला. डॉमू लॉनवाल्याला घेऊनच आला. तो माणूस पांढऱ्या शर्टात, हातात टेप, बोलायला गोड. त्याला दोन्ही शेतं एकत्र हवी होती, मध्ये मोठं गेट करायला. आई स्टूल घेऊन बांधावर बसली होती. तिने त्याला "या" म्हटलं नाही आणि "जा"ही म्हटलं नाही. डॉमूला म्हणाली, "जा, बघ फळ आहे का. तूच बघ. उद्या म्हणशील आईने विकतचं आणून ठेवलं."

डॉमू बूट काढून शेतात उतरला. मी त्याच्या पायांकडे बघत होते. वेल न तुडवता पाय कुठे टाकायचा हे त्याला विचार न करता येत होतं. वाकून एका फळावर बोटाचं पेर वाजवलं, सोडून दिलं. दुसऱ्यावर वाजवलं. मग देठाजवळचा कुरळा ताणा सुकलाय का बघितलं, फळ जरा कलतं करून पोट पिवळं झालंय का बघितलं, पुन्हा वाजवलं. हे सगळं त्याला आईने शिकवलं होतं, तो माझ्या कंबरेएवढा होता तेव्हा. पवईला वीस वर्षं गेलाय, पण हात विसरला नव्हता. आमच्याकडे वर्षाचं पहिलं फळ सुरीने कापत नाहीत, बांधावर आपटून फोडतात आणि जो हजर असेल त्याला देतात, पाहुणा असो नाहीतर भांडायला आलेला. डॉमूने ते आईच्या पायाशी आपटलं.

लाल निघालं.

आईने पहिला तुकडा लॉनवाल्याला दिला. त्याने खाल्ला, हनुवटीवरून रस गळला, शर्टावर डाग पडला. दुसरा कार्मेलमावशीला. डॉमू बिया थुंकत उभा होता, कुणाकडे बघत नव्हता. शेवटी लॉनवाल्याला म्हणाला, "इथलं नाही जमणार, साहेब. शब्द दिलाय."

आम्ही जिंकलो. ती सगळी दुपार मी जिंकल्यासारखी वागले, आणि अजूनही मला तिची लाज वाटत नाही. लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. लॉनवाल्याने तोंड पुसलं, टेप उघडली आणि शेजारच्या शेताकडे वळला. पावसाळ्याच्या आत कार्मेलमावशीच्या दोन्ही मुलांनी शेत देऊन टाकलं. गेट छोटं केलं, झालं. मावशीला कोणी झावळ्यांच्या रविवारपर्यंत मुदत दिली नाही, आणि तिच्या घरात गुंडाळी घेऊन बोटीत बसणारं कोणी नव्हतं. माझ्या शेतावर पेपर घालताना तीच दोन पायांनी उभी होती. तिचं शेत वाचवायला मी बोटसुद्धा हलवलं नाही. मला सुचलंच नाही. याबद्दल मी तिला एकदा बोलले तेव्हा म्हणाली, "मी पोरांच्या हातात खुरपं दिलंच नाही बाय, शिका म्हटलं. शिकले." आणि गाठी उकरायला लागली.

एप्रिलमध्ये पेपर काढायची वेळ आली. मी स्वस्तातला पातळ घेतला होता, उन्हाने तो पापडासारखा झाला होता, हात लावला की तुकडे. डॉमू म्हणाला, "नांगरून टाक, कोणाला दिसतंय?" मला मुलुंडची बाई दिसत होती, हॅटसकट. मी नाही म्हटलं. शेत वाचवायचं आणि त्याच्या पोटात कचरा भरायचा, असलं वाचवणं मला नको होतं. चार रविवार आम्ही मातीतून चंदेरी तुकडे वेचले. आईने लाल स्टूल वाफ्यावाफ्यातून फिरवलं. "जन्मभर हिरवं तण काढलं," म्हणाली, "आता हे चंदेरी तण काढा." तिला अन्याय झाल्यासारखं वाटत नव्हतं. उलट जरा मजाच येत होती, कारण हे तण काढल्यावर परत उगवत नव्हतं.

भंगारवाल्याने मातीचं प्लास्टिक घ्यायला नकार दिला. मग मी ते पोत्यांत भरून बोरिवलीला आणलं, गच्चीवर धुतलं आणि दोरीवर वाळत घातलं. सेक्रेटरीने विचारलं, हे काय? मी म्हटलं, कपडे आहेत, शेताचे. दुसऱ्या वर्षापासून जाड पेपर घेते, तो अख्खा निघतो, गुंडाळून दोन हंगाम वापरते, दर वर्षी अर्ध्या शेतालाच नवा लागतो, आणि मग त्याच भंगारवाल्याच्या दारात नेऊन उभी राहते. तो घेतो आता. नाही घेतला तर मी जात नाही, हे त्याला कळलंय.

हे सगळं मला काल परत आठवलं, कारण काल आम्ही या वर्षीचा पेपर घातला. आई अठ्ठ्याहत्तरची. वाकत नाही, पण गुंडाळीचं पहिलं टोक तिच्याच पायाखाली दाबलं जातं, दुसऱ्या कोणाच्या नाही. खालचा कोपरा मोकळा. लाल स्टूल, निळं स्टूल, मध्ये टोपली.

कोपऱ्याला लागून तारेचं कुंपण आणि पलीकडे लॉन. तिथे पाच वर्षांत गवत काही धरलं नाही. खारा वारा आणि वर रोज हजार माणसांच्या चपला. म्हणून यंदा त्यांनी सगळीकडे हिरवा गालिचा अंथरलाय, प्लास्टिकच्या गवताचा. लोक त्याच्यावर उभे राहून फोटो काढतात आणि किती छान हिरवं वाटतं म्हणतात. मातीच्या श्वासाबद्दल तिथे कोणी काही विचारल्याचं मी ऐकलं नाही.

चार वाजता तिथला सुपरवायझर कुंपणाशी आला. संध्याकाळी तिथे लग्न होतं. "मावशी," मला म्हणाला, "जरा बघता का? गालिच्यातून काहीतरी उगवलंय. कापलं तरी परत येतंय. तुम्हाला माहीत असेल कसं काढायचं."

मी तारेतून बघितलं. नव्याकोऱ्या गालिच्यात, स्टेज बांधायच्या जागेच्या जरा अलीकडे, हिरवी टोकं उभी होती. खोट्या गवतापेक्षा गडद, बोटभर उंच. एक नाही, सरळ ओळच होती, जुन्या बांधाच्या रेषेत. मला हसू आलं, पण हात सवयीने खुरप्याकडे गेला. लव्हाळा दिसला की काढायचा, आमच्या घरात दुसरं काही शिकवलेलंच नाही. मी खुरपं घेऊन उठले.

कार्मेलमावशीने माझा पदर धरला. ती स्टुलावरून उठली नाही, आवाजही चढवला नाही. कुंपणापलीकडे बघत होती, बऱ्याच वेळापासून बघत असावी.

"बस खाली," म्हणाली. "तो नाही काढायचा."

"मावशी, लव्हाळा आहे तो."

"माहितेय. माझ्या शेतातला आहे."

आईने टोपलीतली गाठ हातात घेतली, माती झटकली, पुन्हा टोपलीत टाकली. सुपरवायझर वाट बघत उभा होता. मी त्याला सांगितलं की याला काही उपाय नाही, आणि मावशीच्या शेजारी खाली बसले.